तिसरं पत्र वगळून

पत्र आठवं
३ फेब्रुवारी

बाबा,

वर नेहमीचा मायना लिहिलेला नाही. चार वर्षांनी लिहिताना तो खोटा वाटेल, आणि तुम्हाला तसं वाटून चालणार नाही, कारण मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे.

आमची प्रयोगशाळा ३० जूनला बंद होते आहे. माझं काम आईने सांगितलं असेलच. कारखान्यांतले आणि दवाखान्यांतले थर्मामीटर खरं बोलतात की नाही ते मी तपासते. तुम्ही दुकानदारांची वजनं तपासायचात, मी तापमान तपासते. आत्या म्हणायची तसं, आपल्या घराण्यालाच लोकांच्या चुका काढायचा नाद.

नोकरीबरोबर आमचे इथले परवानेही संपतात. मला दुसऱ्या एका देशात अशीच नोकरी मिळाली आहे, १ जुलैपासून. माझा व्हिसा झाला, मुंगीचाही झाला. मुंगी म्हणजे तुमची नात, पाच वर्षांची. आईकडे तिचा फोटो आहे. तिने दाखवला नसेल तर विचारू नका, लपवून ठेवला असेल. अडला आहे तो मुंगीच्या बापाचा व्हिसा.

आमच्या घरात माणसं तीन आणि पासपोर्ट तीन रंगांचे. माझा तुमच्यासारखाच आहे. मुंगीचा ती जन्मली त्या देशाचा, म्हणजे इथला. तिला इथे कायम राहता येतं, फक्त पाच वर्षांची असल्यामुळे एकटीला राहता येत नाही. त्याचा पासपोर्ट त्याच्या देशाचा, आणि तो कुठल्याही खिडकीत ठेवला की आतला माणूस आधी त्याच्याकडे पाहतो, मग घड्याळाकडे. त्याच्या देशात परत गेलेल्यांना पुन्हा बाहेर सोडत नाहीत. त्याचा भाऊ दोन वर्षांपूर्वी आईला भेटायला म्हणून आठ दिवसांसाठी गेला, तो अजून तिथेच आहे. "मग सगळे इकडेच या की," आई फोनवर म्हणाली. मी चौकशी केली. तुमच्याकडे त्या पासपोर्टासाठी खिडकीच नाही.

तेव्हा एकच रस्ता उरतो, माझा नवरा म्हणून त्याला माझ्या मागून येऊ देणं. त्यासाठी आमचं लग्न खरं आहे हे सिद्ध करावं लागतं. जानेवारीत त्या देशाच्या वकिलातीत पहिली मुलाखत झाली. ती माझ्यामुळे बिघडली. अर्जात 'पहिली भेट कधी झाली' असा रकाना होता. मी लिहिलं, १४ ऑक्टोबर, अधिक-उणे तीन दिवस. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या आठवड्यात दोनदा अडकली होती आणि मी त्यातल्या कुठल्या वेळी आत होते ते मला नक्की आठवत नाही. जे नक्की नाही ते नक्की म्हणून लिहायचं नाही, एवढंच मला येतं.

"नवरा कधी भेटला ते तुम्हाला ठाऊक नाही?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"ठाऊक आहे. तीन दिवसांच्या अंतरात."

त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ते तीन दिवस कोणाबरोबर होतीस ते आता सांगून टाक." तो हसत होता. मला हसू आलं नाही.

त्यांची मुख्य अडचण वेगळी आहे. लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार दोन, एक तिथला पहारेकरी आणि दुसरी आमच्यामागच्या जोडप्यातली नवरी. फोटो एकच आहे आणि त्यात त्याचे डोळे मिटलेले आहेत. दोन्ही घरांतलं कोणी नव्हतं. "आईवडिलांना माहीत होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होतं, मी पत्रं लिहिली होती. "मग ती आणा. आणि वडिलांचं निवेदन."

तुम्ही एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीत, पण एकही फेकलं नसणार. तुम्ही दहा वर्षांपूर्वीच्या वीजबिलांनाही क्रमांक घालता. मला एवढंच हवं आहे: मी तुमची मुलगी आहे, आणि लग्न झाल्याचं मी तुम्हाला अमुक तारखेला कळवलं होतं. त्यापुढे काही लिहू नका. आशीर्वाद वगैरे मागत नाही.

तुमची मुलगी
(ही ओळ मायन्यासारखी नाही. हिचा दाखला आहे.)


पत्र नववं
२१ फेब्रुवारी

बाबा,

आईचा फोन आला. ती स्वयंपाकघरातून कुजबुजत होती, म्हणजे तुम्ही बाहेरच्या खोलीत असणार. "फाईल काढलीय गं त्यांनी," ती म्हणाली. "चष्मा पुसून पुसून वाचतायत. जेवायलासुद्धा उठले नाहीत."

"काही बोलले का?"

"ते कधी बोलतात? एवढंच म्हणाले, अक्षर बिघडलंय पोरीचं."

सात पत्रं आहेत हे मलाही आठवतं. पहिल्यात लग्नाची तारीख आहे. दुसऱ्यात घराचा पत्ता. चौथ्यात त्याच्या अपघाताची हकिगत. पाचव्यात मुंगीची चाहूल, सहाव्यात मुंगी, सातव्यात तिचं वजन आणि उंची. एवढी सहा पुरेत.

तिसरं जोडू नका.

तुम्हाला ते कुठलं हे सांगायला नको. आई तेव्हा फोनवर रडत होती की तुम्ही दोन महिने कोणाशी बोललेला नाहीत, रक्तदाबाची गोळीही घेत नाही. तुमचा राग निवावा म्हणून मी त्यात लग्नाबद्दल जे लिहिलं ते तुमच्यापुरतं लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही गोळी घ्यायला लागलात, असं आई म्हणाली. म्हणजे पत्राचं काम झालं. परक्या माणसाच्या टेबलावर त्याची गरज नाही.

मी काय मागते आहे ते मला कळतं. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला एकदा बरोबर नेलं होतंत. तुम्ही वजनं तराजूत टाकत होतात आणि मी वहीत आकडे लिहीत होते. एक आकडा बाकीच्यांशी जुळेना, तो मी खोडरबरने पुसला. घरी आल्यावर तुम्ही ते पान मला पुन्हा उतरवायला लावलंत, पुसलेल्या आकड्यासकट. "नको असलेलं माप हेसुद्धा मापच असतं," तुम्ही म्हणालात. मी रडले तर आईला म्हणालात, "रडू दे. उद्या कोणी तिच्या आकड्यावर विसंबेल."

तो धडा मी आजवर मोडलेला नाही. एकदा मोडू द्या. किंवा तुम्ही मोडा. त्याच्यासाठी नको, त्याला तुम्ही ओळखत नाही. मुंगीसाठी मोडा.

तुमची मुलगी


पत्र दहावं
१९ मार्च

बाबा,

तुमचं पाकीट पोचलं. माझ्याकडे नाही, थेट त्यांच्या कार्यालयात. ते तुम्ही मला का पाठवलं नाहीत ते समजतं. तपासणीचा अहवाल दुकानदाराच्या हातात द्यायचा नसतो.

काल दुसरी मुलाखत होती. खोलीत एक टेबल, जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या चार खुर्च्या, पाण्याचा जग. त्याच अधिकारीबाई. त्यांना सर्दी झाली होती आणि दर वेळी शिंकल्यावर त्या आमची माफी मागत होत्या. बाई वाईट नाहीत, हे लिहून ठेवते. त्यांच्या शेजारी दुभाषा, वयस्क, आपल्या भाषेचा. त्याने तुमचं निवेदन मोठ्याने वाचलं.

"सोबत पत्रे एकूण सात. क्रमवार. एकही वगळलेले नाही. सदर पत्रे माझ्या मुलीच्या हस्ताक्षरातील आहेत. मी विवाहास उपस्थित नव्हतो, सबब त्याविषयी मला प्रत्यक्ष माहिती नाही." खाली तुमची सही आणि 'निवृत्त निरीक्षक, वजनमापे'.

मग त्याने पत्रं वाचली. तो प्रत्येक वाक्य आधी मराठीत पुटपुटायचा आणि मग भाषांतर सांगायचा. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं त्याने उचललं आणि मी जगमधलं पाणी पेल्यात ओतलं.

तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते. लपवायला आता काही राहिलेलं नाही. "बाबा, काळजी करू नका. हे लग्न नावापुरतं आहे. त्याचा परवाना संपत होता, त्याला इथे राहायला कागद हवा होता, म्हणून केलं. माणूस सज्जन आहे, त्रास देणार नाही. दोन वर्षांत मोकळी होईन आणि घरी येईन. तोवर गोळी घेत जा."

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्याला मराठी येते. सहा वर्षं शिकतो आहे, माझ्याकडून आणि नंतर मुंगीबरोबर. कशाला एवढी मेहनत घेतोस, असं मी विचारायची. "तुझ्या वडिलांशी बोलायची वेळ आली तर तू मध्ये दुभाषी नकोस. तू माझं सगळं दुरुस्त करून सांगशील," असं तो म्हणायचा.

त्यामुळे भाषांतर होण्याच्या आधीच त्याला कळलं. दुभाषा 'नावापुरतं' शब्दावर अडखळला, योग्य शब्द शोधत राहिला. तेवढा वेळ फक्त आम्ही तिघं ते जाणत होतो, मी, तो आणि दुभाषा. मग बाईंना कळलं.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"हे खरं होतं?"

मी म्हटलं, पत्राची तारीख बघा, मग चौथं वाचा, पाचवं वाचा. त्या म्हणाल्या, "वाचू. पण मी विचारलं ते वेगळं होतं." आणि शिंकल्या.

बाहेर आम्ही लिफ्टपाशी उभे राहिलो. लिफ्ट वर येताना त्याने सवयीने कान दिला. "हिचा दोर एका बाजूला जास्त ताणलाय. कोणीतरी बघायला हवं," तो म्हणाला. दिवसभरात एवढंच बोलला. मुंगीला पाळणाघरातून आणलं, तिचे बूट काढले, तिला खांद्यावर घेऊन खिडकीच्या पडद्याची काठी बसवली. मी त्याला काय सांगणार होते ते मनात तीनदा जुळवलं. तो पडदा पुन्हा पुन्हा सरकवून बघत होता, काठी नीट बसली होती तरी.

तुमची मुलगी


पत्र अकरावं
१२ एप्रिल

बाबा,

व्हिसा नाकारला. कारण दोन ओळींचं आहे आणि दुसऱ्या ओळीत तुमच्या सातांतल्या तिसऱ्या पत्राचा क्रमांक आहे. तुम्ही मागच्या बाजूला घातलेला, वर्तुळातला. ते वर्तुळ मी ओळखते. दर वर्षी शाळेच्या निकालपत्रावर तेच असायचं.

अपील करता येतं, अठ्ठावीस दिवसांत, दोघांच्या सहीने. आम्ही सल्लागारबाईंकडे गेलो. त्या दिवसभर असलेच अर्ज भरतात, हातावर शाईचे डाग, बोलणं तडकाफडकी. त्यांनी पत्राची प्रत बघितली. "यात काय आहे? बापाला बरं वाटावं म्हणून पोरी काय वाटेल ते लिहितात. शपथेवर एक ओळ द्या: तिसऱ्या पत्रातला मजकूर लिहिला तेव्हाच पूर्णपणे खोटा होता. बस्स. बाकी मी बघते."

घरी येऊन मी फॉर्म टेबलावर ठेवला. तो समोर बसला. मुंगी टेबलाखाली त्याच्या हत्यारांच्या पेटीतले नट मोजत होती.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "ते लिहिलंस तेव्हा खोटं होतं?"

बाबा, मी हो म्हणू शकले असते. दोन अक्षरंही नाहीत त्यात.

मी म्हटलं, "सगळं खोटं नव्हतं."

"किती होतं?"

"अर्धं. तुझा कागद संपत होता. तू मला आवडत होतास, पण कागद संपत नसता तर मी तेव्हा लग्न केलं नसतं. दोन वर्षांनी काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. घरी जाईन असंही मनात होतं."

"आणि मग?"

मग तो लिफ्टच्या खड्ड्यात शिडीवरून पडला ते मी सांगितलं. चौथ्या पत्रात आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' होतं, मी पत्नी लिहिलं आणि पुढचा रकाना भरायला घेतला, आणि मग लक्षात आलं की लिहिताना हात थांबला नव्हता. ते लग्नानंतर अकरा महिन्यांनी. त्याआधी कधीतरी ते खरं झालं असणार. नक्की दिवस मला सांगता येत नाही.

"अधिक-उणे," तो म्हणाला.

"अधिक-उणे दोन महिने."

त्याने टेबलाखाली वाकून मुंगीच्या मुठीतला नट काढून घेतला, ती तो तोंडात घालणार होती.

सल्लागारबाईंची ओळ मी लिहिली नाही. जे त्याला सांगितलं तेच लिहिलं, तेवढ्याच शब्दांत: लिहिला त्या दिवशी मजकूर अंशतः खरा होता, लग्नाला अकरा महिने होईपर्यंत तो खोटा ठरला. त्या दिवशी त्या खोलीत त्याने जे ऐकलं, त्यानंतर त्याला देण्यासारखं माझ्याकडे एकच उरलं होतं. या लग्नाबद्दल आणखी एक खोटं वाक्य माझ्या हातून उतरणार नाही, हे.

फॉर्म त्याच्यासमोर सरकवला. त्याने न वाचता सही केली.

तुमची मुलगी


पत्र बारावं
२० जून

बाबा,

अपील फेटाळलं. परवा कळलं. यात तुमच्या पत्राचा क्रमांक नाही. लिहिलं आहे, "अर्जदाराच्या पत्नीने स्वतः शपथेवर मान्य केले आहे की." पुढचं तुम्हाला सांगायला नको.

मार्चपासून मी तुम्हाला मनात बरंच काही बोलत होते. ते आता मागे घेते. तुम्ही माप नोंदवलंत, शिक्का मी मारला.

त्याने निकाल दोनदा वाचला, दुसऱ्या वेळी माझं निवेदन काढून शेजारी ठेवलं आणि तेही वाचलं. पहिल्यांदाच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे असं लिहिलंस?"

"तुला जे सांगितलं तेच."

"मला सांगितलंस ते ठीक होतं. मी ऐकून घेतलं." त्याने निवेदनाची घडी घातली. "तू एकदा खोटं लिहिलंस. बापाने गोळी घ्यावी म्हणून लिहिलंस. माझ्यासाठी एकदा लिहायला काय झालं होतं?"

माझ्याकडे उत्तर होतं. नीट जुळवलेलं होतं, अकराव्या पत्रात आहे. मी ते दिलं नाही. त्याच्यासमोर ते अगदीच हलकं वाटलं.

नोकरी सोडून मी इथे राहू शकत नाही, परवाना ३० तारखेला संपतो. त्याचाही. मुंगीला कोणाच्या तरी मागे जायला हवं आणि तिला त्याच्या देशात घेऊन जाऊ दे असं तो चुकूनही म्हणाला नाही. त्याने फक्त बॅगा मागवल्या. माझ्या बॅगेची चेन अडकत होती, ती त्याने पेन्सिलीचं शिसं घासून सरळ केली. मुंगीला तो रोज नवीन घराबद्दल शिकवतो. सहावा मजला. लिफ्टचं दार बंद होताना हात घालायचा नाही. अडकलं तर घाबरायचं नाही, पिवळं घंटेचं बटण दाबायचं.

"मग काय होतं?" मुंगी विचारते. तिला उत्तर माहीत असतं.

"मग मी येतो," तो म्हणतो.

हे आमच्या इमारतीत खरंच होतं. ते बटण दाबलं की त्याच्याच फोनवर वाजतं. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते त्या जाळीतूनच. "बाई, शांत उभ्या राहा, मी आलोच," असं तो इथल्या भाषेत म्हणाला होता, आणि किती मिनिटं लागतील ते मी विचारलं होतं.

आमचं विमान २७ तारखेला. त्याचं २८ ला.

तुमची मुलगी


पत्र तेरावं
११ जुलै

बाबा,

पोचलो. प्रयोगशाळा चांगली आहे, यंत्रं नवी आहेत. टेबल खिडकीपाशी मिळालं.

आई सांगत होती, तुम्ही तिच्याकडून मुंगीचा फोटो मागून घेतलात आणि विचारलंत, पोरीची उंची किती. १०८ सेंटिमीटर, अधिक-उणे एक. ती सरळ उभी राहत नाही. तुम्ही इकडे यायचं म्हणताय, असंही आई म्हणाली. या. व्हिसाला त्रास होणार नाही, तुमच्या पासपोर्टाला इथे खिडकी आहे. तुम्हाला पाहून मी काय करेन ते आज सांगता येत नाही.

त्याचा फोन पहिले सहा दिवस रोज आला. शेवटचा ४ तारखेला, चार मिनिटं. त्याचा पासपोर्ट तपासणीसाठी ठेवून घेतला आहे, आठवड्यात देतील म्हणाले. त्याच्या भावालाही असंच म्हणाले होते. त्यानंतर फोन लागत नाही. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी लावते आणि वेळ लिहून ठेवते. ते लिहून कोणाला दाखवायचं, ते ठरवलेलं नाही.

काल कामावरून येताना मुंगीला घेऊन लिफ्टमध्ये शिरले. आम्ही दोघीच होतो. लिफ्ट व्यवस्थित वर चालली होती, कुठेही अडकली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर मुंगीने टाचा उंचावल्या आणि पिवळं बटण दाबलं. चुकून नाही. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबून धरलं.

जाळीतून खरखर झाली, मग इथल्या भाषेत एका माणसाचा आवाज आला, "बोला, काय अडचण आहे?"

मुंगीने जाळीला तोंड लावलं आणि तिच्या बापाच्या भाषेत भरभर सांगून टाकलं, आम्ही इथे आहोत, सहावा मजला, तू येईपर्यंत बूट काढायचे नाहीत, लगेच ये. मग ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, शांत, तिला शिकवलं होतं तशी.

"हॅलो? काय अडचण आहे?" तो माणूस पुन्हा म्हणाला. "कोणी अडकलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "चुकून दाबलं गेलं."

बाबा, मला जरासुद्धा अडखळायला झालं नाही. तो माणूस ठीक आहे म्हणाला आणि आवाज बंद झाला. त्याने काही विचारलं नाही, काही लिहून घेतलं नाही. त्याला तेवढं पुरलं.

तुमची मुलगी